चाळणीत अडकलेला चाळणीचा मेल

चाळणबाईंनी आठवीत शाळा सोडली ती परत तिचं तोंड पाहिलं नाही. पुढची बावीस वर्षं टपालात पत्रं वेगळी केली. पाकीट हातात आलं की न फोडता सांगायच्या, हे घरचं, हे वकिलाचं, हे कुणीतरी टोपी घालायला बघतंय. मग तिथं मशीन आलं आणि बाई घरी. रडत बसल्या का? छे. मशीनला शिव्या घालत घालत मशीनचीच भाषा शिकल्या, आणि ईमेलातला कचरा गाळणारा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं चाळण. फुकट वाटला. आज तो चारशे बारा ठिकाणी चालतो, दवाखाने, छापखाने, ग्रंथालयं, काय वाट्टेल तिथं. ती सगळी ठिकाणं बाईंना पाठ. त्यातल्या एकाला कुणी नावं ठेवली तरी बाई पदर खोचून भांडायला उभ्या.

वर्ष संपायला चार दिवस होते तेव्हा बाईंना जुन्या चाळणीत आपलीच एक ओळ सापडली. लफंगे लोक मेलवर मुद्दाम पुढच्या सालाची तारीख टाकतात, म्हणजे त्यांचा मेल यादीत सगळ्यात वर बसतो. म्हणून आठ वर्षांपूर्वी बाईंनी नियम केला होता, फार पुढचं साल दिसलं की कचरा. तेव्हा ‘फार पुढचं’ म्हणून जे साल टाकलं, ते आता दारात येऊन उभं होतं. एक तारखेपासून चाळण प्रत्येक मेल कचऱ्यात टाकणार. रक्ताचा रिपोर्ट असो नाहीतर लेकीची खुशाली.

ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. नवं व्हर्जन तपासलं, नेहमीच्या जागी ठेवलं आणि सगळ्यांना मेल धाडला. ‘चाळणीचं सुधारित व्हर्जन, अगदी मोफत. आजच घ्या. उशीर केल्यास मेल बंद पडतील. इथे क्लिक करा.’ चुकीबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार जणांनी घेतलं.

“एवढी वर्षं राबले,” बाई धुसफुसल्या, “आणि कुणी ढुंकून बघत नाही.”

नवरा खिडकीपाशी घड्याळं दुरुस्त करत बसला होता. “अगं, एखाद्याला फोन करून विचार की.”

ग्रंथालयातल्या बाईचा नंबर होता. तिला लावला.

“कसला मेल, बाई? तुमचं काही आलं नाही.”

“कचऱ्याच्या पेटीत बघ गं.”

थोडा वेळ नुसती टकटक. “हा काय. तुमच्याच चाळणीनं टाकलाय. आणि खरं सांगू का, मी पण टाकला असता.”

नवऱ्याला इतकं हसू आलं की डोळ्याचं भिंग घरंगळत टेबलाखाली गेलं. “फुकट आहे, आजच घ्या, नाहीतर बुडाल. चोर दुसरं काय लिहितो गं?”

“तुम्ही घड्याळं बघा अहो.”

चाळण मेलला गुण देते. पाच झाले की कचरा. बाईंच्या मेलला अकरा पडले होते. ‘मोफत’ काढलं, नऊ झाले. ‘आजच’ काढलं, क्लिक काढलं, सहा. तिथंच घोडं अडलं.

नवऱ्यानं वाकून वाचलं. “मेल बंद पडतील म्हणतेस. पण का पडतील ते कुठं लिहिलंय?”

“सुधारित म्हटलंय ना.”

“सुधारित कसलं? तू चुकलीस.”

“मग चारशे बारा जणांना सांगू, मी माती खाल्ली म्हणून?”

“मला एकट्याला सांगून त्यांचे मेल कचऱ्यातून वाचणारेत का?”

बाईंनी धुतलेले कप परत धुतले. मग येऊन बसल्या आणि एका दमात लिहून काढलं. ‘मी चाळण लिहिणारी. जुन्या चाळणीत तारखेचा नियम मी चुकीचा लिहिला. एक तारखेपासून ती तुमचे चांगले मेलही अडवेल. नवी चाळण नेहमीच्या जागी ठेवली आहे. चूक माझी, तसदी तुम्हाला.’

गुण पडला एक.

“बावीस वर्षं पाकिटं बघितली मी,” बाई म्हणाल्या, “पण ‘चूक माझी’ लिहिणारा ठक नाही बघितला. त्याला पकडायचा नियम करायचं कधी डोक्यातच आलं नाही.”

मेल गेला. संध्याकाळपर्यंत तीनशे जणांनी नवी चाळण बसवली होती. एका छापखानेवाल्यानं सहा ओळी तोंडसुख घेतलं, पण त्या दिवशी सगळ्यात आधी बसवली त्यानंच. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘आठ वर्षांत एकच चूक? माझ्या रोज होतात, मी पेशंटला सांगत नाही इतकंच.’ बाईंनी ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आकडा चारशे अकरावर येऊन थांबला. राहिला होता एक छत्रीवाला, तीन गल्ल्या पलीकडचा. बाईंनी चपला घातल्या.

“एवढ्यासाठी आलात?” छत्रीवाला म्हणाला. “अहो, मी मेल उघडतच नाही.”

“नको उघडूस. पण आला तर पोचला पाहिजे. सरक.”

आणि त्याच्या खुर्चीत बसून बाईंनी कीबोर्डवरची धूळ फुंकली.