विळ्यानं कापलेलं पाकीट

फुलाबाईला म्या वयनी म्हणायची. तिचं घर आन माजं घर एका भिंतीचं. वेल्ह्याच्या अंगाला आमचं गाव, समदी भातखाचरं. सत्तरी उलटली तरी लावणीच्या सावडीत, आज तुज्या रानात उद्या माज्या, वयनीच म्होरं. "बस की आता घरी," म्हनलं तर म्हणायची, "बसले तर उठवायला चौघं लागतील, तुझा नवरा येनार हाय का?" जिभंला हाड न्हवतं बाईच्या.

तिला बीपीच्या गोळ्या चालू व्हत्या. रानात आख्खं पाकीट न्यावं तर भिजायचं, हरवायचं. म्हणून सून रत्ना कात्रीनं पाकीट कापून एकेका गोळीचा चौकोन करायची आन सासूच्या चंचीत सुपारीशेजारी ठेवायची. रत्ना गुणाची पोर. सासूचं लई मायेनं करायची.

पण लावणीत बोटं चिखलानं बुळबुळीत, पाकीट काय फुटत न्हाई. वयनी चौकोन तसाच तोंडात टाकायची, उरलेल्या दोन दातांनी फोडायची, गोळी गिळायची आन मोकळा तुकडा बांधावर थुकायची. आमच्यातल्या लई जणी आसंच करतात.

त्या दिवशी तुकडा तोंडातच असताना पलीकडनं कुणीतरी हाक मारली. वयनीनं ओ दिली आन वर तांब्यानं पाणी प्याली. ठसका लागला. "घशात टोचतंय गं कायतरी," म्हणाली. माशाचा काटा अडकला की करतात तेच शेजारी लावणीला असलेल्या रत्नानं केलं, न्याहारीतल्या भाताचा गोळा करून दिला. वयनीनं तो न चावता गिळला. टोचायचं थांबलं. वयनी पुन्हा वाकून रोपं लावाया लागली.

पुढं दोनचार दिवसांनी पोट दुखाया लागलं. लेक धनाजी तिला गावातल्या डॉक्टरकडं घेऊन गेला, म्याबी संगं व्हते. डॉक्टरनं इचारलं, "आजी, काही वेगळं खाल्लं का? काही गिळलं का?" वयनीनं एकदा धनाजीकडं बघितलं. "न्हाई," म्हणाली. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या.

मग ताप चढला, पोट दगडावानी टणक झालं. टेम्पोत घालून भोरला नेलं, तिथनं कापूरहोळवरनं पुण्याला. आतडं फाटून घाण पोटभर पसरली व्हती. आपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरनं डबीत घालून तो चौकोन आमाला दाखवला, नखाएवढा, पण चारी कोपरे ब्लेडवानी. म्हणाला, "पाकीट असं कापायचं नसतं. कुणी कापलं हे?"

धनाजीची मान रत्नाकडं वळली. ती पांढरी पडली. ह्या धनाजीला बायकोवर हात टाकायला निमित्तच लागतं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिचं मनगट मोडलंय त्यानं, आन गावात सांगितलं, घसरून पडली. माजं रगात तापतं त्याला बघून.

तेवढ्यात खाटंवरनं वयनी बोलली. नाकात नळी, ओठ सुकलेले. "म्या कापलं. विळ्यानं."

धनाजीनं रत्नावरची नजर काढली. तो बाहेर गेल्यावर तिनं माजा हात धरला. "तुकडा पोटात गेलाय ते मला तवाच कळलं व्हतं. पन त्यो तिला मारंल गं. तूबी बोलू नगं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आता धनाजी पारावर बसून सांगतो, आई हेकट व्हती, कुणाचं ऐकायची न्हाई, विळ्यानं पाकीट कापायची. समदे माना डोलावतात. म्या दात आवळून ऐकते. वयनीनं जीव घालवून ठेवलेला शब्द म्या कसा मोडू?

तेराव्यानंतर रत्ना पदराखाली कात्री लपवून माज्याकडं आली. "मावशी, ही तुमच्याकडं ठेवा. ह्यांच्या नजरंला पडाया नगं." म्या ती पेटीच्या तळाला टाकली. रत्ना उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "आत्यांनी पहिल्याच डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर?"

म्या तिच्या डोक्यावरनं हात फिरवत ऱ्हायले. काय सांगू पोरीला? तू मार खाल्ला असतास, आन ती आज जिती असती.