बँकेचा माणूस आणि कांदेपोहे

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणालाही बँकेने नकार दिलेला नाही. कारण माझ्याआधी कुणी बँकेकडे काही मागितलंच नव्हतं.

बाबा मालवणजवळच्या गावातून मुंबईला गिरणीत आले आणि जरा रुळतायत तोवर गिरणीच बंद पडली. मग साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या गेटवर वॉचमन. आई घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत बसून ऑफिसवाल्यांच्या डब्यांसाठी चपात्या लाटायची. गणपतीला गावी जायचं की माझी फी भरायची, असा प्रश्न आला की गावचा गणपती आमच्याशिवाय बसायचा. त्याने ते मनावर घेतलं नाही, मी बी.कॉम. झाले. घराण्यातली पहिली पदवीधर! बाबांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. एकदा नाही, दोनदा. (दुकानदार म्हणाला, "काका, एक पुरतं." बाबा म्हणाले, "तुमी करा.") तेव्हापासून ते सर्टिफिकेट कुठल्याही बाजूने वाकत नाही. मीही वाकत नसे.

अंधेरीतल्या, परदेशात माल पाठवणाऱ्या एका कंपनीत मी हिशोब बघते. गेल्या वर्षी आमचे शेट्टी सर म्हणाले, "स्नेहल, सिंगापूर ऑफिसला नव्या सिस्टिमचं ट्रेनिंग आहे, आठवडाभर. तू जा."

मी हो म्हणून मोकळी झाले.

"एकच गोष्ट. तिथे हॉटेलवाले काउंटरवर क्रेडिट कार्ड मागतात, स्वतःच्या नावाचं. बिल कंपनी भरेल, कार्ड नुसतं हमीला. आहे ना?"

"काढते सर."

"याच महिन्यात काढ. नाहीतर रोहनला पाठवावं लागेल."

रोहनच्या पाकिटात तीन कार्डं होती. आणि महिनाअखेरीला त्याचे आकडे मी जुळवून द्यायचे! रोहन सिंगापूरला आणि मी इथे त्याचे आकडे जुळवत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला जेवण जाईना.

माझ्या शेजारच्या टेबलावर प्रणाली बसते. ती म्हणाली, "हे बघ, डायरेक्ट अर्ज करू नकोस हां. आधी बँकेच्या साइटवर एलिजिबिलिटी चेक कर. म्हणजे आपल्याला कार्ड मिळण्यासारखं आहे की नाही ते आधीच कळतं. त्याने रेकॉर्डवर काही उमटत नाही. पूर्ण अर्ज केलास की मात्र त्याची नोंद राहते. एकामागून एक नोंदी दिसल्या ना, की पुढची बँक घाबरते. म्हणते, ही बाई का एवढी धावतेय?"

"एलिजिबिलिटी म्हणजे पात्रता ना?"

"हो."

"प्रणाली, मी फर्स्ट क्लास बी.कॉम. आहे."

"अगं, त्याचा काय संबंध?"

"पात्रता तपासायची ती ज्याला शंका आहे त्याने. मला शंका नाही."

प्रणालीने माझ्याकडे बघितलं, कानात हेडफोन घातले आणि कामाला लागली.

घरी येऊन मी मोबाईलवर एका बँकेचा अर्ज भरला. पूर्ण. दुसऱ्याच दिवशी मेसेज: दिलगीर आहोत. कारण काय, तर माझ्या नावावर कर्जाचा काहीच पूर्वेतिहास नाही.

बाबांना ते दोनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हणजे आपण कोणाचा कर्ज घेवक नाय, म्हणून ते आपणाक कर्ज देनत नाय?"

"हो बाबा."

"आणि घेतलेला असता तर?"

"तर दिलं असतं."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी आयुष्यभराचा अनुभव माझ्यापुढे ठेवला. सरकारी घरांच्या लॉटरीचे फॉर्म त्यांनी वर्षानुवर्षं जमेल तिथे भरलेत. (घर लागलेलं नाही. पण पद्धतीवरचा विश्वास अढळ आहे.) ते म्हणाले, "एका जाग्यार अर्ज करून कोणाचा भला झाला? चार जाग्यार घाल. खंय तरी लागतलो!"

मी पदवीधर मुलगी. मी काय करायला हवं होतं? प्रणालीचं आठवायला हवं होतं. मी काय केलं? बाबांना जवळ बसवलं आणि एका बैठकीत आणखी तीन बँकांना पूर्ण अर्ज ठोकले! बाबा प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी हात जोडत होते. दोन बँकांनी दोन दिवसांत नाही म्हटलं. एकीने तर स्पष्टच कळवलं, की अलीकडे तुमचे बरेच अर्ज झालेले दिसतात. म्हणजे प्रणालीचं म्हणणं शब्दशः खरं झालं, तेही बँकेच्या लेटरहेडवर.

उरली एक बँक. तिचा मेसेज आला: आमचा प्रतिनिधी पत्त्याच्या पडताळणीसाठी येईल. येईल कधी, ते लिहिलं नव्हतं.

तो शनिवारी सकाळी आला. मी मोरीत होते. डोक्याला शिकेकाई लावलेली, डोळे मिटलेले. आमच्या मोरीची जाळी थेट गॅलरीत उघडते, त्यामुळे बाहेरचं बोलणं आत जेवढं स्पष्ट ऐकू येतं तेवढं बाहेरच्यांनाही येत नाही. आई कोपऱ्यावर पीठ आणायला गेली होती, दार नुसतं लोटलेलं. अशा वेळी शेजारच्या परब काकू गॅलरीत असतातच.

"स्नेहल गावडे इथेच राहतात का?" पुरुषाचा आवाज.

"राहते की! तिला अहो-जाहो कशाला? तुम्ही कुठून आलात?"

"ठाण्याहून. जरा माहिती घ्यायची होती."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या चाळीत एखादा चाळिशीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन येतो आणि लग्नाच्या मुलीची शेजारी चौकशी करतो, ती एकाच कामासाठी. मुलाकडचे आधी असाच एखादा काका पाठवतात. आणि अशा वेळी शेजाऱ्याने काय करायचं, हे चाळीत ठरलेलं आहे: कौतुक! हात आखडायचा नाही. परब काकूंनी अशी चार लग्नं जमवलीत. शिवाय त्याच आठवड्यात आईने मला न विचारता माझा बायोडाटा दहिसरच्या मावशीकडे दिला होता. ते काकूंना माहीत होतं. मला नव्हतं.

"नोकरी करतात ना?" माणसाने विचारलं.

"करते, पण तुम्ही काळजी करू नका हो," काकू म्हणाल्या. "हौस आहे आपली. सासरच्यांनी सांगितलं तर उद्या सोडेल!"

मी आतून ओरडले, "काकू!"

"लाजतेय," काकू त्याला म्हणाल्या.

"पगार किती, काही कल्पना?"

"चांगला आहे. पण सगळा आईच्या हातात! स्वतःकडे दहा रुपये ठेवत नाही. आजकाल अशा मुली कुठे मिळतात?"

"काकू, अहो थांबा!" मी पाण्यासाठी चाचपडायला लागले. तांब्या मिळाला, बादली रिकामी!

"आणि कायम राहायला इथेच?"

"छे! कायम कसली? वर्षाच्या आत जाईल की आपल्या घरी!"

बाहेर बोटांची टकटक. तो मोबाईलवर टाइप करत असावा. मी आतल्या आत हिशोब केला: नोकरी सोडणार, हातात पैसा नाही, पत्ता बदलणार. परब काकूंनी माझं जितकं भलं चिंतलं तितकी मी बुडत चालले होते!

तेवढ्यात आई आली. तिने पाहुणा बघितला, काकूंनी केलेली खूण बघितली आणि पीठ तिथेच ठेवून डोक्यावर पदर घेतला.

"बसा, बसा हो. उन्हातून इलास. पाच मिनटांत पोहे करतंय."

"मॅडम, पोहे नको. मला फक्त घराचा एक फोटो..."

"घराचो कित्याक? चेडवाचो फोटो दितंय ना!" (चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.)

यापुढे मला राहवलं नाही. केसांना तशीच शिकेकाई, वर पंचा, गाऊन उलटा. मी दारात येऊन किंचाळले, "आई! हे बँकेचे आहेत! कार्डासाठी!"

गॅलरीतली सगळी दारं उघडली.

परब काकू मला खरंच रागावल्या. "मग आधी नाही सांगायचं? बँकेसाठी वेगळं सांगितलं असतं ना!" आणि लगेच त्या माणसाकडे वळल्या. "अहो, खोडा ते. नवीन लिहा. नोकरी सोडणार नाही. इथून हलणार नाही. लग्नच करणार नाही ती!"

"परब वहिनी!" पोह्यांसाठी उचललेला कांदा आईच्या हातातून पडला. "असा काय बोलतास? सगळी चाळ आयकता!"

"वहिनी, कार्डाचा प्रश्न आहे!" काकूंनी आईलाच दटावलं.

त्या गृहस्थाने पोहे खाल्ले. (आई कुणाला तसं जाऊ देत नाही.) जाताना मला म्हणाला, "ताई, माणसं चांगली आहेत तुमची." हे वाक्य त्याच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नसणार. सोमवारी नकार आला.

सोमवारीच शेट्टी सरांनी रोहनला त्याचा पासपोर्ट आणून ठेवायला सांगितलं.

मी प्रणालीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "प्रणाली, ती पात्रता कशी बघतात?"

तिने हेडफोन काढले. एक शब्द टोमण्याचा नाही! दोघींनी मिळून एकेक बँक बघितली. नाव, पगार, कामाचं ठिकाण. काही नोंद नाही, काही नाही, लगेच उत्तर. सगळीकडे नाही. मग एका ठिकाणी हो आलं, पण वेगळ्या कार्डाला: बँकेत ठेव ठेवायची, ती तारण धरून बँक कार्ड देते.

"म्हणजे पैसे माझेच आणि भरवसा त्यांचा?"

"सुरुवात अशीच होते गं," प्रणाली म्हणाली.

ठेव ठेवायला माझ्याकडे काय होतं? पगार सगळा आईच्या हातात, हे परब काकूंनी तेवढं एक खरं सांगितलं होतं. संध्याकाळी मी घरी विषय काढला. आई उठली, तांदळाच्या डब्यामागून पासबुक काढलं. चपात्यांचे पैसे होते, माझ्या लग्नासाठी बाजूला काढलेले.

"आई, हे नको."

"घे गो. तू लग्न करूचंस नाय ह्या आता डोंगराखाली असल्फ्यापर्यंत सगळ्यांका कळला हा. ठेवन काय करू?"

ती हसत होती. मी नाही हसू शकले. बाबा दुसरीकडे बघत म्हणाले, "आमी तुका शिकवला ता थंय जावच्यासाठीच."

या वेळी अर्ज केला तो एकाच बँकेत. रोहनचं तिकीट निघायच्या आत कार्ड आलं.

सिंगापूरच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने कार्ड मागितलं. मी ते दोन्ही हातांनी पुढे केलं आणि इंग्रजीत विचारलं, "ताई, मशीनमध्ये घालायच्या आधी नुसतं बघून सांगाल का, चालण्यासारखं आहे का?" तोवर तिने ते मशीनला लावलंही होतं. ती म्हणाली, "मॅडम, चाललं सुद्धा."

मी आठवडाभर राहिले, काम शिकले, परत आले. ते ट्रेनिंग आता ऑफिसात सगळ्यांना मीच देते, रोहनलाही. हॉटेलचं बिल कंपनीने भरलं. त्या कार्डावर मी स्वतः केलेला खर्च म्हणजे एक लिंबू सरबत. ते पिऊन झाल्यावर मी त्याची किंमत रुपयांत करून बघितली, आणि पुढचे सगळे दिवस नळाचं पाणी प्यायले.