मास्तरांनी न गिळलेली गोळी

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची भीती घालवली. स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली माणसं त्यांनी हसवत हसवत भर रस्त्यात आणली. स्वतः मात्र ते गाडीत कधी निवांत बसले नाहीत. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असे आणि त्यांचा पाय कायम त्याच्यावर. घरी जेवतानासुद्धा तो पाय टेबलाखाली ताठलेला असे, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक. गाडी शिकायला येणारे सगळे तिला काकू म्हणत.

पित्ताशयात खडे निघाले तेव्हा मास्तर म्हणाले, "एवढ्याशा खड्यांना कोण भितो?" पण कळ आली की ते पोटाशी पाय घेऊन पडत आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळे. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं.

ठरलेल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आधी मन शांत व्हावं म्हणून एक छोटी गोळी लिहून दिली. नर्सने ती मास्तरांच्या हातावर ठेवली. तासाभराने पाहिलं तर नाडी उधळलेली, रक्तदाब आभाळाला टेकलेला. जरा थांबून पुन्हा मोजला, तोच प्रकार.

"आज नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी दाब ताळ्यावर आणू."

मास्तर घरभर छाती काढून फिरले. "मी ठणठणीत आहे. मशीनच जुनं असणार!" संध्याकाळी काकूंनी त्यांचा रुमाल धुवायला झटकला, तर घडीतून गोळी टपकन फरशीवर पडली.

"अहो, हे काय?"

मास्तरांनी पेपरात तोंड खुपसलं.

"मी विचारतेय!"

"गुंगीची होती ती. गुंगीतल्या माणसाला मी कधी गाडीत बसू दिलंय? माणसानं सावध असावं."

"सावध राहून तिथं काय करणार होता? डॉक्टरांना रिव्हर्स शिकवणार होता?"

मास्तरांनी पेपराची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "डोळे मिटले आणि काही झालं तर? माझ्या हातात काहीच नसणार."

इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी असलं वाक्य ऐकलं नव्हतं. जिभेवर आलेला दुसरा टोमणा त्यांनी परत पाठवला.

पुढची तारीख मिळेपर्यंत दोनदा कळ आली. दुसऱ्या खेपेला तर मास्तर घामाने निथळले. आता ऑपरेशन पुन्हा टळलं तर काय, या विचाराने काकूंचा जीव टांगणीला लागला. त्यामुळे नव्या तारखेला डॉक्टरबाई खोलीत आल्या आल्या त्यांनी रुमालाची हकीकत सांगून टाकली. मास्तर लाजेने चूर झाले. डॉक्टरबाई मात्र खळखळून हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, भीती वाटली की शरीर लढाईला उभं राहतं. नाडी पळते, दाब चढतो, साखरसुद्धा वाढते. छेद घेतला की झोपेतही शरीराला कळतं आणि ते आणखी धावतं. ते मी आत सांभाळीन. गोळीने ही आधीची धावपळ जरा कमी होते, एवढंच. सक्ती नाही. नको असेल तर नुसत्या गप्पा मारू."

"आणि आत तुम्ही किती वेळ असणार?"

"शेवटपर्यंत. तुमच्या उशाशी."

नवा शिकाऊ निरखावा तसं मास्तरांनी त्यांना निरखलं. "मध्ये चहाला उठायचं नाही."

"नाही उठणार."

"मग द्या."

घोटभर पाण्याबरोबर गोळी खाली उतरली. मास्तरांनी बायकोपुढे तोंड उघडलं. "बघ, जिभेखालीसुद्धा काही नाही."

"बघते तर!" म्हणत काकूंनी खरोखरच वाकून पाहिलं.

हळूहळू मास्तरांचा जबडा सैलावला, शब्द लांबू लागले. डॉक्टरबाईंनी दाब मोजला, पुन्हा एकदा मोजला आणि म्हणाल्या, "चला."

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. काकू बाहेर बाकावर टेकल्या. शांत करणारी गोळी त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले आणि दारावरची नजर हलू दिली नाही.

शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "सगळं छान झालं. मास्तर शुद्धीवर येताहेत. पण काकू, तुम्हीच पांढऱ्याफटक पडलाय! आधी काहीतरी खाऊन या."

"आधी त्यांना बघते," असं म्हणून काकू उठल्यासुद्धा.