चौथ्या पानावरची चूक

कोल्हापुरात क्वांटम म्हटलं की लोक लांबूनच हात जोडतात. डॉ. पद्मजा इनामदारांनी त्यातच तीस वर्षं काढली. एकमेकांत गुंतलेले कण बाहेरचा किती गोंगाट सोसून गुंतलेले राहतात, याची मर्यादा त्यांनी चौदा वर्षांपूर्वी सिद्ध केली. तो पेपर परदेशात छापून आला, तेव्हा शिवाजी पेठेतल्या तालमीच्या पोरांनी चौकात त्यांचा फ्लेक्स लावला. खाली 'पेठेची शान'. कणांचं कुणाला काय पडलं होतं.

आता निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. निरोपाच्या भाषणासाठी बाईंनी तोच पेपर काढला आणि चौथ्या पानावर अडकल्या. काही कणांपुरतंच खरं असलेलं त्यांनी सरसकट सगळ्यांना लावलं होतं. तीन दिवस त्यांनी गणित उलटंसुलटं करून पाहिलं. मर्यादा साफ कोसळली.

नुसती अब्रूच जायची असती तर त्यांनी दात आवळून सोसलं असतं. पण नेसरीची वर्षाराणी, त्यांची शेवटची विद्यार्थिनी, सहा वर्षं याच मर्यादेवर प्रबंध लिहीत होती. सोमवारी तो दिला तर जूनमध्ये कॉलेजात नोकरी, नाहीतर जागा गेली. त्यावर मार्गदर्शक म्हणून बाईंची सही हवी होती. सही केली तर खोटेपणा, नाही केली तर पोरीचं वाटोळं. त्यात भेटेल तो सत्काराची तारीख विचारत होता.

शेवटी त्यांनी वर्षाराणीला बोलावून ते पान पुढं केलं. तिनं पानाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"म्हाईत हाय, मॅडम. दुसऱ्या वर्षीच घावली."

बाईंना आधी रागच आला. मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतंस, असं त्यांनी चढ्या आवाजात विचारलं.

"सांगायला दारापातुर आलतो. आत आदर्शनं तुमच्या पेपरावर शंका काढलेली, आन तुम्ही त्याला समद्यांम्होरं झापत होता. तसाच परत गेलो."

आदर्श, बाईंचाच दुसरा विद्यार्थी, त्याच महिन्यात संशोधन सोडून बँकेत लागला होता. आपली चूक आजवर कुणी काढली नाही, याचा बाईंना केवढा अभिमान होता. अख्ख्या शहरात तो पेपर कळणारी दोनच पोरं. एकाला त्यांनी घालवलं, दुसरी त्यांना भीत राहिली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता सही करा की, मॅडम," वर्षाराणी म्हणाली. "घरात समद्यांस्नी नोकरीचं सांगून बसलोय."

बाईंनी सही केली. ती नेहमीसारखीच ठसठशीत आली, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.