रोवण्यातला रविवारचा वर्ग

पदवी घेऊन इतकी वर्षं झाली, तरी विद्यापीठाला माझी आठवण आहे हे मला मोबाइलवर आलेल्या संदेशातून कळलं. माजी विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचा वर्ग, दर रविवारी सकाळी, घरबसल्या, फुकट. खाली लिहिलं होतं, ‘शिकणे थांबवू नका.’ मी कुठे थांबवलं होतं? लग्न होऊन करडीला आले आणि ते आपोआप थांबलं. मी लगेच नाव घातलं. प्रमाणपत्राचं मला काही नव्हतं. आठवड्यातून एकदा कुणीतरी मला विद्यार्थिनी म्हणावं, एवढीच हौस होती.

पण वर्ग ठरवणाऱ्यांच्या गावात रोवणा नसावा. ऐन धानाच्या लावणीत रविवार काय आणि सोमवार काय! आमच्याकडे बायका एका ओळीत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागे मागे सरकतात. जी रेंगाळते, तिच्या दोन्ही बाजूंनी लावून तिला मधे कोंडतात आणि मग दिवसभर चिडवतात. मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला, वायर कानात घातली आणि पहिल्याच रविवारी कोंडले गेले.

“काहून वं, कॉलेजात गेली का?” एकीनं विचारलं आणि सगळ्या हसत सुटल्या.

मीही हसले, पण जीव रडकुंडीला आला होता. कंबर वाकलेली, कानात मॅडम प्रश्न विचारताहेत आणि माइक सुरू करायला हात चिखलाचे. धड लावणी नाही, धड अभ्यास नाही.

पुढच्या रविवारी मोठ्या जाऊबाईंनी मला हाताला धरून चिखलातून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर काढलं. “बस तिथं. तुयी पात मी धरतो.” स्वतःच्या आणि माझ्या वाट्याचा पट्टा, अशा दोन पाती त्या एकट्या लावायला लागल्या. मी हात धुऊन झाडाला टेकून बसले, फोन उघडला. मॅडम बोलायला लागल्या आणि मला झोप लागली. पहाटेपासूनचा स्वयंपाक, धुणी, भांडी. पाठ टेकली आणि संपलंच.

जाग आली तेव्हा वर्ग आटोपला होता. स्वतःचाच इतका राग आला की रडू फुटलं. जाऊबाई बांधीतल्या चिखलातून वर आल्या.

“काहून नाही उठवलं जी तुमी मले?” मी ओरडलेच.

“उठवालेच आली होती. तुयं तोंड पाहून नाही उठवलं. वायर काढली अन् फोन मोठ्यानं वाजू देला. आमी आयकलं. समजलं काहीच नाही.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “येत्या रविवारी परीक्षा हाये म्हणे.”

मी मान खाली घातली. तोवर रोवणा संपणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

कमरेवर हात दाबत, कण्हत त्या माझ्याजवळ बसल्या. “तुयी पात धरीन मी. पण आदल्या दिवशी झोपून घेजो पोटभर. सैपाक मी पाहीन.”