उष्टा चहा

आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू चालू असताना रेडिओवर बातमी लागली. बसवर गोळीबार झालाय, जखमी इस्पितळात आहेत, रक्त हवंय. चंडीगडात तेव्हा अशा बातम्या नेहमीच्याच झाल्या होत्या. आम्ही सात-आठ मराठी बायका, बहुतेक एअरफोर्सवाल्यांच्या, वाणं तिथंच टाकून निघालो. अंगावर संक्रांतीच्या काळ्या साड्या! इस्पितळाच्या फाटकावरच्या शिपायाने अडवलं, "काले कपडों में मोर्चा नहीं चलेगा, बहनजी." त्या गडबडीतही आम्हाला हसू आलं. शेवटी आत सोडलं, सगळ्यांनी रक्त दिलं.

दहाएक दिवसांनी रक्तपेढीची चिठ्ठी आली. गेले, तर तिथली डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाली, "गुप्तरोगाच्या तपासणीत तुमचं रक्त खटकलंय. पक्कं नाही, पुन्हा तपासू. नवऱ्यालाही आणा."

मला? गुप्तरोग? लग्नाला नऊ वर्षं झालेली, दुसऱ्या पुरुषाच्या वाऱ्यालाही मी उभी राहिलेली नाही. मग कुठून आला? मनात एकच उत्तर यायचं. हे दर महिन्याला आठ-आठ दिवस ड्यूटीवर बाहेर असायचे.

घरी येऊन चिठ्ठी ह्यांच्यापुढे ठेवली, डॉक्टरचं बोलणं सांगितलं. ह्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, म्हणाले, "उद्या जाऊ." बस्स. ना "हे काय?", ना "कसं काय?" आणि मीही मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू लागला. तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही.

त्या तीन दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हा रोग कशाकशानं होतो, हेच धड माहीत नव्हतं. टॉवेलनं? संडासातून? मी माझा कप वेगळा काढला, टॉवेल वेगळा केला, लेकीला जवळ येऊ देईना. ती रडवेली होऊन विचारायची, "मम्मी, मैंने क्या किया?" मग एकदम आठवलं, हळदीकुंकवाला एकाच बोटानं मी सगळ्यांना कुंकू लावलं होतं! म्हणजे सगळ्या बायकांना दिला की काय मी? अगं बाई गं! त्या करंड्यातलं कुंकू मी मोरीत ओतलं आणि बोट डेटॉलनं घासून घासून लाल केलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्या वेगळ्या कपातला अर्धा राहिलेला चहा उचलला आणि पिऊन टाकला. माझ्यासमोर. मी गारच पडले. ह्याला भीती नाही, म्हणजे ह्याला आधीच झालाय! आता आणखी काय पुरावा हवा? त्या दुपारी मी ह्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेऊन टाकलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. तरीही विचारलं नाही ते नाहीच.

कर्फ्यू उठल्यावर दोघांनी रक्त दिलं. आठवड्याने निकाल आला, दोघांचंही साफ. डॉक्टरने विचारलं, "मलेरिया झाला होता का?" दिवाळीआधी झाला होता. त्यानेही पहिली तपासणी कधीकधी फसते म्हणे. मग तिने समजावलं की हा रोग शरीरसंबंधातून जातो, रक्तातून जातो, आईकडून पोटातल्या बाळाला जातो. कपानं नाही, टॉवेलनं नाही. कुंकवाचं मी तिला विचारलंच. बिचारीला काही कळेना, पण "नाही" म्हणाली.

स्कूटरवरून परतताना मी ह्यांच्या पाठीला विचारलं, "त्या दिवशी माझा उष्टा चहा का प्यायलात?"

"तू कप वेगळा काढलास ना. मला बघवेना."

"आणि भीती नाही वाटली?"

"वाटली की," हे म्हणाले. "मला तरी कुठे माहीत होतं, उष्ट्यानं होत नाही म्हणून."