थुंकीवरचं प्रकरण

प्रमिला गेल्याची बातमी मला महाडच्या एसटी स्टँडवर कळली. त्याला आता महिना उलटून गेला. शोकसभेत जो उठला तो तिला गरीब स्वभावाची म्हणाला. साफ खोटं. माझी मैत्रीण पक्की भांडखोर होती, आणि एवढं सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

महाडजवळच्या सव गावच्या बौद्धवाडीतली ती. महाडला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती मुंबईला एका प्रयोगशाळेत लागली आणि संशोधनाला विषय घेतला थुंकीचा. सुट्टीत सवच्या गरम कुंडापाशी बसून तिनं मला सगळं समजावलं. थुंकीत पेशी वाढवणारं एक द्रव्य असतं, ते पोटात जातं आणि जठराच्या अस्तरावर काम करतं. वाडीत पोराला फोड आला की आया सकाळची शिळी थुंकी लावतात, तिथून तिच्या डोक्यात हे शिरलं होतं. मला हसू आलं. ती हसली नाही. "थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून आमच्या वाडवडलांच्या गळ्यात मडकी बांधली होती... आता तीच काचेखाली ठेवून बघणार मी."

जठराच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून पोटातलं आम्ल आत झिरपत नाही. प्रमिलानं उंदराच्या अस्तरावर ओरखडा काढून ते द्रव्य घातलं, तर कडेच्या पेशींची पकड चक्क सुटली. मार्गदर्शक तेवढंच बघून उठले. द्रव्य घातक आहे किंवा नमुने नासलेत, म्हणाले. प्रबंधातून हे प्रकरण काढून टाक, तरच सही. ही मात्र बसून राहिली होती. सुटलेल्या पेशी सरकत जखमेवर पसरल्या आणि जखम झाकल्यावर त्यांनी पुन्हा एकमेकींना धरलं, हे तिनं पाहिलं होतं.

तिनं प्रकरण काढलं नाही. पदवी गेली, ती घरी आली. तिचे काका समजवायला आले, की सर सांगतात तसं लिहून मोकळी हो. चुलीपाशी बसलेली तिची आईच त्यांना म्हणाली, "तिनं बघितलंय ते. नाय बघितलं असं कसं लिहील ती?" काका चहा पिऊन गेले.

मग पोलादपूरच्या एका शाळेत ती शेवटपर्यंत विज्ञान शिकवत राहिली. तिचा मला अजून राग येतो, इतकी हुशार बाई अशी लवकर जाते म्हणजे काय!

परवा त्या शाळेत गेले. नववीच्या मुली अंगणात हात धरून रांगेत उभ्या होत्या. त्यांनीच एकीला मधून बाजूला ओढलं. शेजारच्या मुलींनी हात सोडले, सरकल्या, मोकळी जागा भरली आणि पुन्हा हात धरले. प्रमिलाबाई दरवर्षी असं करून घ्यायच्या, म्हणून यंदा मुलींनी आपणहून केलं. नवे सर जरा चिडलेच. हे पुस्तकात कुठे आहे, त्यांनी विचारलं.

रांगेतली एक मुलगी हात न सोडता म्हणाली, "पुस्तकात नाय, सर. पण तसंच हाय."